कथेतला बाजार आणि आपला बाजार

भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ मराठवाड्यात ज्यानं शाळेत वाचली, त्याला तिचा शेवट आठवून द्यावा लागत नाही. बाप आणि शाळकरी मुलगा टमाटे घेऊन बाजारात बसलेले आहेत. भाव पडलाय. गिऱ्हाईक मागेल त्या दराला माल देऊनही ढीग उरतोच. शेवटी बापाचा तोल जातो आणि आपल्याच हातानं वाढवलेला माल तो भर बाजारात आपल्याच पायांनी तुडवतो. मुलगा पाहत राहतो. एवढीच कथा. धडा म्हणून ती पाठ्यपुस्तकात होती तेव्हा हजारो पोरांनी ती वाचली, परीक्षेत तिच्यावर उत्तरं लिहिली आणि मार्क मिळवले.

ती उत्तरं एकदा शांतपणे वाचून पाहायला हवीत. ‘लेखकाने शेतकऱ्याच्या दैन्याचे हृदयस्पर्शी चित्रण केले आहे.’ ‘दलाल व व्यापारी शेतकऱ्याची लूट करतात.’ ‘ही कथा वाचून मन हेलावून जाते.’ हिंगोलीचा मुलगा असो की पुण्याचा, वाक्यं तीच, कारण गाईड तेच. सेनगाव तालुक्यातली एखादी मुलगी रविवारी आईबरोबर माळवं घेऊन बाजाराला बसते आणि सोमवारी वर्गात हेच वाक्य उतरवून घेते. तिला भाव माहीत असतो, तोल माहीत असतो, दिवस कलल्यावर गिऱ्हाईक कसं मुद्दाम दोन चकरा मारून येतं तेही माहीत असतं. या माहितीला उत्तरपत्रिकेत जागा आहे, हे तिला कुणी सांगत नाही. माझी खरी तक्रार इथे आहे.

कथा वाचून डोळे पाणावणं वाईट नाही. पण तेवढ्यावर थांबलं की ती हळहळ फुकटची होते. तुडवलेल्या टमाट्यांवर हळहळणाऱ्या माणसाला त्याच संध्याकाळी भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करताना काहीच वाटत नसेल, तर त्यानं कथा वाचली असं मी म्हणणार नाही. कथेतल्या माणसाला न्याय द्यायचा असेल तर त्याच्यावर गुदरलेली गोष्ट का गुदरली, कुणामुळे गुदरली, तिला दुसरी वाट होती का, हे शोधावं लागतं. त्यासाठी कथेबाहेर जावं लागतं. कायदा, भाव, इतिहास, अर्थशास्त्र आणि बाजारात बसलेली जिवंत माणसं, यांच्याकडे जावं लागतं. असं वाचन हे प्राध्यापकांचं काम आहे, हा आपला गैरसमज. शेतकऱ्याच्या लेकराइतकी या कामाची तयारी दुसऱ्या कुणाची असणार?

सुरुवात मात्र कथेपासूनच करायची. पोरांनी लिहिलेलं ‘दलालांनी लुटलं’ हे वाक्य घेऊन परत कथेकडे या. बाप-लेक स्वतः माल घेऊन बसलेत आणि समोर उभं आहे ते किरकोळ गिऱ्हाईक. म्हणजे हा आडतीचा सौदा नाही. इथे कुणी पट्टी फाडत नाही, हमाली-तोलाई कापत नाही. आपण दलालाचं नाव घेतो कारण ते घेणं सोपं आहे. आडत्यावर राग काढला की आपण मोकळे. कथेत भाव पाडून मागणारा माणूस साधा संसारी माणूस आहे, पिशवी घेऊन बाजाराला आलेला, तुमच्या-माझ्यासारखा. ही गोष्ट मान्य करायला जड जाते, म्हणून वर्गात ती कुणी उच्चारत नाही.

आता हीच जागा बाहेरच्या अभ्यासाशी ताडून पाहा. रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासनिबंधात असा अंदाज आहे की ग्राहक टोमॅटोसाठी एक रुपया मोजतो तेव्हा शेतकऱ्याच्या हाती सुमारे ३३ पैसे पडतात. कांद्यात ३६, बटाट्यात ३७. हा आकडा हाती आला की कुणीही उडी मारून म्हणेल, बघा, मधले लोकच खातात. पण ‘लाल चिखल’मधल्या बापाला मधला माणूस नाही. गिऱ्हाईक देईल तो सगळा रुपया त्याचाच आहे आणि तरीही तो बुडतो. म्हणजे मधली साखळी काढून टाकली की प्रश्न सुटला, असं ही कथा म्हणू देत नाही. निबंध कथेला खोटं पाडत नाही आणि कथा निबंधाला. दोन्ही शेजारी ठेवल्यावर एक तिसरीच गोष्ट दिसू लागते: नाशवंत माल, उतरता दिवस आणि परत नेण्यासारखं काहीच नसलेला विक्रेता.

हे हिंगोलीच्या माणसाला चटकन समजावं. आपल्याकडे हळद आहे. फेब्रुवारी-मार्चात वसमत, औंढा, कळमनुरीकडच्या कुठल्याही शिवारात जा. काढणी झालेली ओली हळद शिजवायचं काम चाललेलं असतं, वाफेचा वास गावभर असतो. शिजलेल्या हळदीचं पसरट वाळवण उन्हात दहा-पंधरा दिवस पडून राहतं. बाया सकाळ-संध्याकाळ ते हलवतात, अवकाळीचा ढग दिसला की ताडपत्री घेऊन धावतात. मग हळद ढोलात घालून घासायची, कांडी वेगळी, गट्टू वेगळे, पोती शिवायची. एवढं केलं की तो माल थांबू शकतो. भाव नाही म्हटलं तर पोती घरात किंवा गोदामात राहतील. राज्य पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. हळद बाजार समितीच्या गोदामात ठेवली तर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत सहा टक्के व्याजानं कर्ज मिळतं, आणि शेतकऱ्याला भाव चढेपर्यंत सहा महिन्यांची उसंत मिळते. किती जणांना ती मिळते हा वेगळा वाद आहे, पण कागदावर तरी सोय आहे. टमाट्याला ती कागदावरसुद्धा नाही. टमाटा दुसऱ्या दिवशी मऊ पडतो, तिसऱ्या दिवशी पाणी सोडतो. त्याला तारण ठेवणार कोण?

म्हणून हळदवाला बाप चिडला तर तो पोती परत घेऊन जातो. टमाटेवाल्या बापापुढे दोनच वाटा: मागतील त्या भावात देणं किंवा टाकून देणं. चंदनशिवांनी कथेसाठी टमाटा निवडला तो केवळ लाल रंगासाठी निवडला असेल असं मला वाटत नाही. शेतीमालाच्या बाजारात शेतकऱ्याच्या हातात जी एकमेव ताकद असू शकते, थांबण्याची, ती ज्या मालाला मुळातच नाही तो माल त्यांनी पुढे ठेवला. हे फक्त कथा वाचून दिसत नाही. हळद आणि टमाटा शेजारी मांडला, तारणाचा नियम वाचला, म्हणजे बापाच्या पायांतला संताप कुठून आला ते उमगतं.

हळदीलाही थांबण्याची ताकद आहे म्हणजे ती सुरक्षित आहे, असं मात्र समजू नये. २०१० च्या सुमारास हळद क्विंटलला पंधरा हजारांच्या पुढे गेली आणि जो तो हळदीच्या मागे लागला. बेणं महाग झालं, दोन वर्षांत भाव चार-पाच हजारांवर आला. हळदीला आजही किमान आधारभूत किंमत नाही. राष्ट्रीय हळद मंडळ जानेवारी २०२५ मध्ये निजामाबादला सुरू झालं, वसमतला बाळासाहेब ठाकरेंच्या नावाचं हरिद्रा संशोधन केंद्र उभं राहतंय, वसमत हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालंय. या गोष्टी चांगल्या आहेत. पण भावाची चढ-उतार कशी होते, हे समजून घेतल्याशिवाय त्यांचा उपयोग कुठवर होईल ते सांगता येणार नाही.

ती चढ-उतार समजून घ्यायला अमेरिकेतल्या मोर्डेकाय इझिकिएल या अर्थशास्त्रज्ञाचा १९३८ सालचा लेख अजून कामाला येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: शेतकरी गेल्या हंगामाच्या भावाकडे पाहून यंदा काय पेरायचं ते ठरवतो. भाव चढा असला की सगळेच ते पीक घेतात, माल एकदम येतो, भाव कोसळतो. मग सगळेच ते सोडतात, माल आटतो, भाव पुन्हा चढतो. कागदावर या रेघा काढल्या तर कोळ्याचं जाळं दिसतं, म्हणून त्या सिद्धांताला तेच नाव पडलं. २०२३ चा जुलै आठवा. टोमॅटो शंभर रुपयांच्या वर गेला होता, मोठ्या शहरांत तर काही ठिकाणी दोनशेपर्यंत. दूरदर्शनवर त्याचीच बातमी, मोबाइलवर त्याचेच विनोद. सप्टेंबर उजाडेपर्यंत तोच टोमॅटो शेतकरी रस्त्यावर ओतत होते. त्या वेळी शहरातल्या कुणी विनोद पाठवल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

हे वाचल्यावर कथेतल्या बापाकडे परत या. तो मूर्ख नाही, आळशी नाही, नशिबाचा मारलेलाही नाही. भाव बघून त्यानं पीक घेतलं, शेजाऱ्यानंही घेतलं, त्याच्या शेजाऱ्यानंही घेतलं. प्रत्येकानं शहाणपणानं वागायचं आणि सगळ्यांनी मिळून बुडायचं, अशी ही रचना आहे. ‘नशीब’ हा शब्द आपल्या गावांत फार स्वस्त झालाय. संशोधनाचा पहिला उपयोग हा की ज्याला आपण नशीब म्हणतो त्यातलं किती माणसांनी बनवलेलं आहे, ते वेगळं काढता येतं. आणि माणसांनी बनवलेलं माणसांना बदलता येतं. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो याच धारणेनं. शेतसारा, सावकारी, न्यायालयं, जंगलखातं, एकेका गोष्टीचा माग काढत ते गेले. शेतकऱ्याविषयी त्यांना कळवळा होता, पण कळवळ्यावर त्यांनी ग्रंथ उभा केला नाही. पुराव्यावर केला.

अभ्यास करताना काळाचं भान सुटू नये. आज कुणी ‘लाल चिखल’वर प्रकल्प करताना लिहितं की बाजार समितीच्या कायद्यानं शेतकऱ्याचे हात बांधले होते. महाराष्ट्राचा तो कायदा १९६३ चा. २०१६ मध्ये फळं आणि भाजीपाला नियमनातून बाहेर काढला गेला. कथेतलं जग सत्तर-ऐंशीच्या दशकांचं आहे, तेव्हा शेतीमालाच्या भावाचा प्रश्न राज्यभर पेटत होता. चाकणच्या कांद्यावरून शरद जोशींनी शेतकरी संघटना उभी केली ती याच काळात. म्हणजे चंदनशिव एकटे एका कोपऱ्यात बसून रडगाणं लिहीत नव्हते. शेतकऱ्याला दया नको, भाव हवा, ही मागणी ज्या दिवसांत रस्त्यावर येत होती त्या दिवसांत ही कथा लिहिली गेली. तिला ‘करुण’ म्हणून बाजूला ठेवणं हा तिच्या काळावरही अन्याय आहे. पण आठवडी बाजाराचा गाळा आणि बाजार समितीचा मोंढा हे दोन वेगळे बाजार आहेत, आणि आजचा कायदा तेव्हाच्या कथेला लावून चालत नाही. असा घोटाळा करणारा अभ्यास न केलेला बरा.

दुसऱ्या देशातलं एक उदाहरणही इथे उपयोगी पडतं. जॉन स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ राथ’ या १९३९ च्या कादंबरीत भाव टिकावा म्हणून संत्र्यांवर रॉकेल ओततात, आणि ते फळ खायला आसुसलेली उपाशी माणसं बघत राहतात. स्टाइनबेकनं हे घरात बसून कल्पलेलं नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या विस्थापित मजुरांच्या छावण्या फिरून १९३६ मध्ये त्यानं वर्तमानपत्रात लेखमाला लिहिली होती. पण फरक पाहा: तिथे नासाडी करणारा मालक आहे आणि नफ्यासाठी करतो. आपल्या बाजारात नासाडी करणारा स्वतः पिकवणारा आहे, आणि त्याला एक छदामही मिळत नाही. फळ नासवण्याची कृती तीच, अर्थ उलटा. हा फरक ज्या विद्यार्थ्याला सांगता येईल त्याला ‘हृदयस्पर्शी’ हा शब्द लागणार नाही.

आपल्या भागातल्या लेखणीलाही हे नवं नाही. वसमत तालुक्यातल्या रिधोऱ्याचे इंद्रजित भालेराव कवितेत शेती आणतात ती हात मातीत घातलेल्या माणसाच्या तपशिलानं. परभणीचे आसाराम लोमटे पत्रकारिता करत कथा लिहितात. त्यांच्या ‘आलोक’ला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लिहिणारे बाजारात, बांधावर, कचेरीत जाऊन येतात. वाचणाऱ्यांनीही तेवढे कष्ट घ्यायला नकोत का?

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो साहित्याचे खरे प्रेमीच घेतात: आकड्यांनी कथेचा जीव जातो. या आक्षेपाचा मी आदर करतो, कारण असं होताना दिसतं. वीस पानांच्या प्रकल्पात अठरा पानं बाजार समितीचा इतिहास आणि दोन पानं कथा, ती दोन पानंही मोबाइलवरून उतरवलेली. त्याला कथेचा अभ्यास म्हणत नाहीत. बाहेरून आणलेली प्रत्येक गोष्ट कथेतल्या कुठल्या तरी ओळीला भिडली पाहिजे. भिडत नसेल तर ती कितीही खरी असली तरी टाकून द्यावी. आणि काही गोष्टी अशा आहेत ज्या कुठलाही अहवाल सांगू शकत नाही. कथा मुलाच्या नजरेतून आहे. बाप हरताना मुलानं पाहणं, तेही चारचौघांत, ओळखीच्या माणसांसमोर, याला आकडा नाही. अभ्यास करून, मोंढा फिरून, कायदे वाचून माणूस पुन्हा या नजरेपाशी आला तर त्याला ती पूर्वीपेक्षा जड वाटते. तशी वाटली नाही तर अभ्यासात काही तरी चुकलं.

कथेतली बाईही शोधायला हवी. टमाट्याची तोडणी कोण करतं? पहाटे ओल्या पाल्यात वाकून फळ कोण खुडतं, नासकं-चांगलं कोण निवडतं? हळदीत तर काढणीपासून निवडणीपर्यंत बाईचा हात सुटत नाही. मग सातबाऱ्यावर नाव कुणाचं, आणि बाजारातून आलेल्या पैशावर शब्द कुणाचा? शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला झालं. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेतून नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करावी असं आवाहन झालं, आणि पुष्कळांनी ती केली. आपल्या वर्गातल्या मुलींनी आपापल्या घरचा सातबारा पाहून यावं. ‘शेतकरी’ म्हटल्यावर पुरुषच डोळ्यापुढे का येतो, हा प्रश्न त्या उताऱ्यावरच्या नावांतून आपोआप उभा राहील. कथेनं तो विचारला नसेल तर वाचकानं विचारावा. कथेनं गाळलेल्या गोष्टींकडे बोट दाखवणं हा तिचा अपमान नसतो.

पुरावा मागण्याची सवय लावायची तर ती आपल्याला सोयीची नसेल तिथेही लावावी लागेल. नरसी नामदेव हे आपल्या जिल्ह्याचं श्रद्धास्थान. तरीही संत नामदेवांच्या जन्मस्थळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. कुणी पंढरपूर म्हणतं, कुणी दुसरीच नरसी सांगतं. हे वर्गात बोललं की काही चेहरे कसनुसे होतात. पण ज्या मुलाला आपल्या अभिमानाच्या गोष्टीबद्दलचे मतभेद ऐकून घेता येतात, तोच उद्या भावाच्या, कर्जाच्या, नुकसानभरपाईच्या कागदावरची थाप ओळखेल. औंढ्याला विसोबा खेचरांनी नामदेवांना प्रश्नात पाडलं, ही आख्यायिका आपणच कौतुकानं सांगतो ना?

आणखी एक नीतीची गोष्ट. माहिती ज्याच्याकडून घेतली त्याचं ऋण मानायला शिकलं पाहिजे. पुस्तकातून घेतलं तर पुस्तकाचं नाव, संकेतस्थळावरून घेतलं तर त्याचं. आणि बाजारात बसणाऱ्या मावशीनं विक्रीच्या वेळात आपलं नुकसान करून अर्धा तास दिला असेल, तर तीही जाणकार आहे, पुस्तकाइतकीच. तिला विचारल्याशिवाय तिचं नाव छापू नये, फोटो काढू नये, आणि तिच्याकडून ऐकलेलं आपल्या अकलेचं म्हणून खपवू नये. कथेतल्या बापाच्या मालाला किंमत न देणाऱ्या गिऱ्हाइकावर आपण रागावतो आणि या मावशीचं ज्ञान मात्र फुकटात उचलतो, हे बरोबर नाही.

साधनं नाहीत ही सबब आता चालत नाही. बाजारनिहाय आवक आणि दर पणन मंडळाच्या आणि केंद्राच्या अॅगमार्कनेटच्या संकेतस्थळावर रोज येतात. ते मोबाइलवर दिसतात. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीचा सौदा उभं राहून पाहता येतो. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणानं क्षेत्रप्रकल्प आलेत. मराठी विभागांनी ते दुसऱ्या विभागांवर ढकलू नयेत. एक कथा, एक आठवडी बाजार, एक हंगाम, एवढं पुरे. मुलांनी सकाळचा भाव आणि दिवस कलतानाचा भाव दर आठवड्याला वहीत नोंदवावा, उरलेल्या मालाचं काय झालं ते लिहावं, आणि मग कथा पुन्हा वाचावी.

त्या वहीला एक रकाना आणखी हवा: बाजाराच्या दिवशी शाळेच्या हजेरीत किती मुलं कमी असतात. कथेतला मुलगा शाळकरी आहे आणि तो बाजारात आहे, याकडे आपण सगळे काणाडोळा करतो. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या तांड्यांतल्या लेकरांसाठी शिक्षण हमी पत्रकही आहे. तरीही बाजाराच्या दिवशी वर्गातला कुठला बाक रिकामा असतो हे गुरुजींना पाठ असतं. तो आकडा कुणी मोजत नाही म्हणून तो कुणाला सांगावा लागत नाही.

गोळा झालेलं सगळं पुढच्या ग्रामसभेपुढे ठेवावं. १ मेची सभा जवळची असेल तर तिथेच. तोच दिवस १९९९ मध्ये परभणीपासून वेगळ्या झालेल्या आपल्या जिल्ह्याचाही आहे. विद्यार्थ्यांनी नोंदी वाचून दाखवाव्यात आणि गावानं निदान दोन गोष्टींचा ठराव घ्यावा: आठवडी बाजारात माळवं विकणाऱ्यांसाठी पत्र्याची सावली, आणि संध्याकाळी उरलेला माल दोन-तीन दिवस टिकावा म्हणून सौरऊर्जेवर चालणारी एक लहान शीतखोली. ठरावाची प्रत पंचायत समितीला जावी आणि एक प्रत शाळेच्या कपाटात, कथेच्या पुस्तकाशेजारी राहावी.